दोन रडण्यांच्या मधली जागा

“बाळ रडायचं थांबलं, की तुमचा प्रोग्रॅम काय म्हणतो?” नलवडे मॅडमनी विचारलं.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मीही हसले असते, पण मी पुढे उभी होते आणि माझ्यामागच्या पडद्यावर माझ्या सगळ्या कामाचा शेवटचा तक्ता होता. मी म्हणाले, “मॅडम, प्रोग्रॅम रडणं ऐकून निदान करतो. रडणंच नसेल तर त्यानं ऐकायचं काय?”

“तेच विचारतेय. ऐकायला काही नसताना तो काय म्हणतो?”

“तसं आम्ही बघितलेलं नाही. गरज पडली नाही.”

“गरज नाही हे कुणी ठरवलं?”

संगणकशास्त्र विभागाच्या त्या लांबट हॉलमध्ये दर सहा महिन्यांनी संशोधक विद्यार्थ्यांची अशी हजेरी असायची. केलेलं काम दाखवायचं, समितीनं प्रश्न विचारायचे, अहवालावर सह्या करायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून वडा-सांबार खायचं. माझं काम तेव्हा विभागात सगळ्यांत गाजत होतं. नवजात बाळाचं रडणं ऐकून ते आजारी आहे की नाही हे सांगणारा प्रोग्रॅम मी बनवला होता. पडद्यावर दोनच शब्द उमटायचे, लाल अक्षरांत ‘धोका’ नाहीतर हिरव्या अक्षरांत ‘ठीक’. शंभरातली पंच्याण्णव बाळं तो बरोबर ओळखायचा.

ते नुसतं काम नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचं, शोभाचं, पहिलं बाळ चौथ्या दिवशी गेलं होतं. रडतंय म्हणजे चांगलं आहे, असं सगळे म्हणत राहिले आणि आत जंतुसंसर्ग पसरत गेला. इचलकरंजीच्या पॉलिटेक्निकमधली नोकरी बिनपगारी रजेवर टाकून मी पीएच.डी.ला आले ती त्यानंतर. हे मी कुणाला सांगत फिरत नसे. नलवडे मॅडमना तर नाहीच.

डॉ. मंदाकिनी नलवडे आम्हाला पहिल्या वर्षी ‘संशोधन पद्धती’ हा विषय शिकवायच्या. प्रोग्रॅम लिहायला आलेल्या मुलांना त्या विषयाचा मनस्वी कंटाळा. बाकीचे शिक्षक तो विषय पुस्तकातून वाचून दाखवत आणि सोडून देत. या बाई मात्र एकेकाला उभं करून विचारायच्या, “तुझं म्हणणं खोटं आहे असं तुला स्वतःला वाटावं, यासाठी काय दिसायला पाहिजे?” उत्तर आलं नाही तर म्हणायच्या, “मग ते संशोधन नाही. ती जाहिरात आहे.” माझ्या पहिल्या आराखड्यावर त्यांनी लाल शाईनं तो एकच शब्द लिहून परत दिला होता. जाहिरात. बहिणीचं बाळ डोळ्यांसमोर ठेवून रात्रंदिवस लिहिलेल्या आराखड्यावर. तेव्हापासून मी त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हते. मुलांनी त्यांचं नाव उलटतपासणी ठेवलं होतं, आणि ते पसरवण्यात माझा हात बराच होता.

माझे मार्गदर्शक हेर्लेकर सर पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले. माणूस उंचापुरा, आवाज भारदस्त. विभागाला आलेली निम्मी उपकरणं त्यांच्या नावावर आलेली.

“मॅडम,” ते म्हणाले, “प्रश्न विचारायला काही लागत नाही. तुम्ही गेल्या पंधरा वर्षांत या विभागात एखादी चालणारी गोष्ट बांधली आहे का?”



“नाही,” नलवडे मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच मला काही वाचवायचं नाही.”

त्यांनी माझा अहवाल सही न करता टेबलावर सरकवून दिला. बाळाचं रडणं कापून टाका, दोन रडण्यांच्या मध्ये ते श्वास घ्यायला थांबतं तेवढेच तुकडे प्रोग्रॅमला ऐकवा आणि मग या, असं म्हणाल्या. त्या तुकड्यांत बाळ नाही, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला काहीच सांगता यायला नको. छापा-काटा केल्यासारखी उत्तरं यायला हवीत. तशी आली, तर सही करते.

त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. खाली वडा-सांबार चालू होतं, तिथे हेर्लेकर सर मला म्हणाले की लक्ष देऊ नकोस, कुलगुरूंशी बोलून आपण ही समितीच बदलून घेऊ. मी मान हलवली. पण मला समिती बदलून नको होती. मला त्या बाईंना सगळ्यांसमोर गप्प बसलेलं बघायचं होतं.

रविवारी सकाळी मी प्रयोगशाळा उघडून बसले, ती याच एका इच्छेनं. शेकडो रेकॉर्डिंग होती. पहिल्याच वर्षी सरांनी ती मला एका हार्ड डिस्कवर तयार दिली होती. शहरातल्या एका मोठ्या प्रसूती रुग्णालयात गोळा केलेली, प्रत्येक बाळाचं पुढे काय झालं याच्या नोंदीसकट. प्रोग्रॅमला शिकवायची रीत सोपी असते. ही आजारी बाळं, ही धडधाकट, असं सांगत त्याला ऐकवत जायचं. मग त्यानं कधीच न ऐकलेली काही बाजूला काढून ठेवलेली असतात, त्यांच्यावर त्याची परीक्षा घ्यायची. माझ्या प्रोग्रॅमनं ती परीक्षा प्रत्येक वेळी पार केली होती. मी रडणं कापलं. मधले तुकडे जोडले. ऐकून पाहिलं, नुसती खरखर. त्या खरखरीवर प्रोग्रॅम गडबडणार, मी त्याचा छान आलेख काढणार, आणि त्याखाली मॅडमना लागेल असं एखादं वाक्य टाकणार. ते वाक्य मी आधीच लिहून ठेवलं होतं.

प्रोग्रॅम गडबडला नाही. बाळ नसलेल्या तुकड्यांवरून त्यानं आजारी बाळं ओळखली. पंच्याण्णव नाहीत, पण नव्वदीच्या पुढेच.

मी कापण्यात चूक केली असणार असं धरून सगळं पुन्हा केलं. रडण्याचा शेपटासारखा अंश मागे राहिला असेल म्हणून आणखी आतून कापलं. तरी तेच. मग मी कानाला हेडफोन लावले आणि आवाज पूर्ण वाढवून ती खरखर नीट ऐकायला लागले. आधी काही कळलं नाही. आजारी बाळांची दहा-बारा आणि धडधाकट बाळांची दहा-बारा पाठोपाठ ऐकल्यावर कळायला लागलं. आजारी बाळांच्या शांततेत एक बारीक, एकसुरी घूं होती. लांब कुठेतरी एखादी पिठाची गिरणी चालू असावी तशी. धडधाकट बाळांच्या शांततेत छताच्या पंख्याची टकटक होती, बायकांचं बोलणं होतं, भांड्यांचा आवाज होता.

आजारी बाळं काचेच्या पेटीत ठेवलेली असतात. पेटीला आत गरम हवा खेळवणारी मोटर असते. माझा प्रोग्रॅम बाळाचं रडणं ऐकतच नव्हता. तो मोटर ऐकत होता. डॉक्टरांनी बाळ आजारी ठरवून पेटीत ठेवलं, की तो म्हणायचा, धोका. परीक्षेसाठी बाजूला काढलेली बाळंही त्याच पेट्यांतली आणि त्याच वॉर्डातली होती, त्यामुळे परीक्षेत तो कधी पकडलाच गेला नाही.

मॅडमसाठी लिहून ठेवलेलं वाक्य मी पुसलं. घरी जाऊन पडून राहिले.

सोमवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण सर काय करत होते ते आठवतं. ते खिडकीतल्या कुंडीतली सुकलेली पानं खुडत होते आणि मी बोलत असताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि विचारलं,

“हे कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“बरं केलंस.”

मला वाटलं होतं, ते हादरतील. निदान मला वेड्यात काढतील, आकडे मागतील. त्यांनी आकडे पाहिले नाहीत. मग मला समोर बसवून अर्धा तास समजावलं, आणि आज सांगते, ते बोलणं मूर्खपणाचं नव्हतं. एका उलट्या निकालावर सगळं सोडायचं असतं तर जगात कुठलंच शास्त्र उभं राहिलं नसतं, ते म्हणाले. नवी कल्पना जन्मतः अशक्तच असते, तिला वाढू द्यावं लागतं. तू मोटरचा आवाज गाळून टाकणारी आवृत्ती कर, वर्षभरात होईल. तोवर या आठवड्याच्या शेवटी, रेकॉर्डिंग घेतली त्याच हॉस्पिटलमध्ये आपली चाचणी आहे. ती झाली की निधीचा पुढचा हप्ता येतो, मग तालुक्यातल्या दवाखान्यांत यंत्रं जातात, रेकॉर्डिंग वाढतात आणि दोष आपोआप निघतो.

“पण सर, तोवर ते यंत्र तिथे ‘ठीक’ म्हणेल. पेटीत नसलेल्या प्रत्येक बाळाला.”

“डॉक्टर काय आंधळे आहेत? ते बघतीलच ना.”

“तालुक्याला डॉक्टर नसतो, म्हणून तर आपण हे करतोय.”

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले की हॉस्पिटलच्या डॉक्टर मुजावरांना मी योग्य वेळी सांगेन, तू त्यात पडू नकोस. ते सांगतील यावर मी विश्वास ठेवला. तीन वर्षं त्यांनी मला मुलीसारखं वागवलं होतं, ठेवायला कारण होतं.

चाचणीच्या दिवशी आम्ही सरांच्या गाडीतून हॉस्पिटलला गेलो. सर, विभागप्रमुख आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन मागे मी. डॉ. इरफान मुजावर हे तिथले बालरोगतज्ज्ञ. ठेंगणा, झपझप चालणारा माणूस, वाक्य पुरं व्हायच्या आत पुढे निघून जाणारा. मला ते म्हणाले होते की तुमचं यंत्र चाललं तर मी तुमचा फोटो वॉर्डात लावीन, आणि नाही चाललं तर तोंड दाखवू नका. ते विनोदानं बोलत नव्हते.

वॉर्डात शिरताना मी सरांच्या शेजारी राहिले. ते आता सांगतील, मग सांगतील. ते हवापाण्याचं बोलले, निधीचं बोलले. काचेच्या पेट्यांच्या खोलीत आम्ही बूट काढून, वर अंगरखे चढवून गेलो. पहिल्या पेटीत दीड किलोचं एक बाळ रडत होतं. मी माईक धरला. लाल अक्षरांत ‘धोका’. विभागप्रमुख वा म्हणाले. मग बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो. एका बाईनं हसत हसत आपलं गुटगुटीत बाळ पुढे केलं, त्याला सिस्टरनी टाचेला चिमटा काढून रडवलं. हिरव्या अक्षरांत ‘ठीक’. आणखी दोन-तीन बाळं झाली. सगळं बरोबर आलं. सरांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मग कागद करून टाकू या.”

मला तेव्हा समजलं की ते सांगणार नाहीत.

“सर,” मी म्हणाले, “एक राहिलं. पेट्यांच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या पेटीपाशी एकदा धरू या का?”

“कोणती?” मुजावरांनी विचारलं.

“ती रिकामी. चालू आहे ना?”

“चालू आहे, गरम करून ठेवली आहे. पेशंट यायचा आहे.”

“पद्मजा, डॉक्टरांना वेळ नाही,” सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण माझ्या दंडाला त्यांची बोटं लागली आणि ती हलकी नव्हती.

मुजावर त्या बोटांकडे बघत होते. “धरा,” ते म्हणाले.

आम्ही परत त्या खोलीत गेलो. सिस्टर लोबो, वॉर्डाच्या प्रमुख, सोबत आल्या. मी दंड सोडवून घेतला आणि रिकाम्या पेटीच्या गोल खिडकीतून माईक आत सोडला. आत पांढरी चादर, दुसरं काही नाही. पडद्यावर एक चकती फिरली, थांबली. लाल अक्षरांत ‘धोका’.

सिस्टर लोबो पुढे वाकल्या, त्यांना वाटलं त्यांच्या नकळत कुणी बाळ आणून ठेवलं. “बाळ कुठंय?” त्यांनी विचारलं.

मुजावरांनी माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि माईकची वायर लोंबकळत असताना तसेच बाळंतिणींच्या वॉर्डाकडे निघाले. आम्ही मागे. शेवटच्या खाटेवर एक पिवळसर बाळ होतं, आदल्या दिवशीचं. त्याच्या रक्तात संसर्ग असल्याचा रिपोर्ट नुकताच आला होता आणि त्याला पेटीत हलवायचं ठरलं होतं. तीच रिकामी पेटी त्याची. ते आम्हाला माहीत नव्हतं, डॉक्टरांना माहीत होतं. बाळ कण्हल्यासारखं बारीक रडत होतं. त्यांनी स्वतः माईक धरला. डोक्यावर पंखा टकटकत होता.

‘ठीक’, हिरव्या अक्षरांत.

त्या बाळाची आई विशीचीसुद्धा नसेल. तिला अक्षरं वाचता आली, आणि ती हसली. तिचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मुजावरांनी लॅपटॉप मिटून विभागप्रमुखांच्या हातात दिला. सिस्टरना म्हणाले, “हे बाळ आत्ता हलवा.” मग सरांकडे वळले. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“काही तांत्रिक बाबी आहेत, त्या आपण…”

“उचला हे. आणि परत माझ्या वॉर्डात येऊ नका.”

गाडीपाशी आल्यावर सरांनी माझ्या बाजूचं दार आतून लावून घेतलं. काच खाली केली आणि म्हणाले, बसनं ये. विभागप्रमुख पुढे बसले होते, त्यांनी मान फिरवून घेतली. मी रस्त्याच्या कडेला अंगरख्यासकट उभी होते, तो परत द्यायचा राहिला होता.

पुढचा महिना वाईट गेला. सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं आणि समितीला कळवलं की विद्यार्थिनी मानसिकदृष्ट्या स्थिर नाही, घरातल्या एका मृत्यूचा तिच्यावर परिणाम झालेला आहे. शोभाच्या बाळाबद्दल मी एकदाच, एका हळव्या क्षणी, त्यांच्यापाशी बोलले होते. प्रयोगशाळेच्या दाराचं माझं कार्ड बंद झालं. माझ्याबरोबर रोज डबा खाणारी मुलं कॉरिडॉरमध्ये मोबाइल बघत जायला लागली.

अशा वेळी मी नलवडे मॅडमच्या केबिनमध्ये गेले. जावं लागलं म्हणून गेले. मला मार्गदर्शक हवा होता, आणि मनात कुठेतरी असंही होतं की आता बाई मला जवळ घेतील. त्यांचंच म्हणणं मी खरं करून दाखवलं होतं.

त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी तुला घेणार नाही. मला आवाजाच्या विषयातलं काही कळत नाही. आणि तू मला आवडत नाहीस, तेव्हा रोज तुझं तोंड बघणं मला जमणार नाही.”

“मी तुमचा प्रयोग केला.”

“माझ्यावर उपकार म्हणून केला नाहीस. मला खोटं पाडायला केलास.”

हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी चिडले आणि विचारायचं ठरवलेलं सगळं विसरून दुसरंच विचारलं. “रडणं थांबल्यावर काय, हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा? तुम्हाला आवाजातलं काही कळत नाही म्हणता.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तुझ्या आधी हेर्लेकरांकडे एक मुलगा होता. दयानंद होवाळ, तासगावचा. ती रेकॉर्डिंग त्यानंच केलेली. दोन वर्षं त्या वॉर्डात जमिनीवर बसून. तो एका बैठकीत म्हणाला होता की सर, मला वाटतं हा प्रोग्रॅम बाळ ऐकत नाही, खोली ऐकतो.”

मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि सरांनाही.”

“त्यांचं त्यांना विचार. मला माहीत नव्हतं, मी ऐकलं होतं. ऐकलेल्याला मी माहीत असणं म्हणत नाही.”

“मला निदान सांगायचं होतंत. मी एवढी वर्षं…”

“सांगितलं असतं तर तू हेर्लेकरांकडे गेली असतीस, त्यांनी तुझी समजूत काढली असती आणि तुला ती पटली असती. तू त्यांची लाडकी होतीस. माझा राग आला म्हणून तू मोजलंस.”

“आणि होवाळचं काय झालं?”

खाली मैदानात कुठल्याशा स्पर्धेचा लाउडस्पीकर चालला होता. मॅडमनी उठून खिडकी लावली आणि तिथेच, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“मी त्याला म्हटलं, तुला वाटतं याला किंमत नाही, आकडे आण. तो आणायच्या आत हेर्लेकरांनी त्याचा मशीनवरचा प्रवेश बंद केला. पुढच्या बैठकीला तो रिकाम्या हातानं आला. पुन्हा तेच म्हणाला, वाटतं म्हणून. प्रगती असमाधानकारक, असा शेरा पडला.” त्यांनी खिडकीची कडी पुन्हा दाबली. “त्यावर पहिली सही माझी आहे. नियमानं बरोबर होती.”

मला त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. नाही आली. मी म्हणाले, “तुम्ही त्याला नियमानं मारलंत.”

“हो,” त्या म्हणाल्या. “नंबर देते. मी केला तर तो उचलत नाही.”

दयानंद होवाळनं माझा फोन उचलला. तासगावात त्याचं कॅमेरे बसवायचं दुकान होतं, मागे ड्रिल मशीनचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं. मी सगळं सांगत गेले. कापलेलं रडणं, मोटरची घूं, रिकामी पेटी, पिवळं बाळ. ड्रिलचा आवाज मध्येच थांबला.

“माझ्या रेकॉर्डिंगवर तुम्ही तीन वर्षं काम केलं,” तो म्हणाला. “ती कुणी केली, असं एकदा तरी विचारलंत का कुणाला?”

मी नाही म्हणाले.

“मग आता कशाला फोन केला? शाबासकी द्यायला?”

मी म्हणाले की तुम्ही बरोबर होता, एवढं तुम्हाला कळावं म्हणून. तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. आता तो फोन ठेवणार असं वाटलं, तेवढ्यात त्यानं विचारलं, “ती रिकामी पेटी चालू होती?”

“हो.”

“बंद करून पाहिलीत?”

“नाही.”

“मग मोटरच आहे कशावरून? त्या खोलीत मॉनिटर आहेत, एसी आहे, ऑक्सिजनची लाइन आहे. तुम्ही फक्त घूं ऐकलीत आणि ठरवून टाकलंत.” त्याचा आवाज चढला होता, आणि तरीही तो पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलत होता. “मला तिथे अर्धा तास मिळवून द्या.”

मुजावरांना पटवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या दोन वेळी त्यांनी मला बाहेरूनच घालवून दिलं. शेवटी सिस्टर लोबोंनी मध्ये पडून रविवारची दुपार दिली, दोन पेट्या रिकाम्या असताना. होवाळ तासगावहून मोटरसायकलवर आला. माझ्याच वयाचा, काटक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझ्या नमस्काराला उत्तर न देता त्यानं माझा घरचा लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमची प्रत चालते का ते पाहिलं. खोलीत शिरताना मात्र तो दाराशी थबकला आणि पेट्यांवरून त्याची नजर एकेक करून फिरली.

यावर लेख लिहिला गेलाच तर नाव कुणाचं आधी, असं त्यानं मला तिथे उभ्या उभ्या विचारलं. मी म्हणाले, तुमचं. “माझंच,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

पेटी चालू: धोका. त्यानं बटण बंद केलं, मोटर घरघरत थांबली, पुन्हा माईक धरला: ठीक. मॉनिटर बंद करून पेटी चालू: धोका. एसी बंद, पेटी बंद: ठीक. मग दुसरी पेटी. मग माईक लांब धरून. मी लिहून घेत होते. दोनदा त्यानं माझा लिहिलेला आकडा तपासला आणि एकदा तो चुकलेला होता.

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. सिस्टर लोबो बराच वेळ हाताची घडी घालून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अहो, पहिल्या दोन खेपेतच दिसलं की. आता तरी पटलं ना तुम्हाला?”

“मला तर चार वर्षांपूर्वीच पटलं होतं, सिस्टर,” होवाळ म्हणाला. “दाखवता येत नव्हतं.”

आणि त्यानं पुन्हा पेटीचं बटण दाबलं.